हिरूभाऊंची खांड

हिरूभाऊंनी कुणाला 'कसे आहात' असं विचारल्याचं निदान मी तरी ऐकलेलं नाही. माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "टीव्ही कुठला हाय? डबा का पाट?"

डबा म्हणजे पाठीला पोक असलेला जुना टीव्ही. पाट म्हणजे हल्लीचा, भिंतीला टांगायचा. तुम्ही 'पाट' म्हणालात की हिरूभाऊंचा तुमच्यातला रस तिथेच आटतो. पण चुकून 'डबा' म्हणालात तर मग तुमची सुटका नाही. ते तुमच्या घरी येणार, टीव्हीच्या मागे शिरून जळमटं झाडणार, तुमच्यापेक्षा टीव्हीचीच जास्त विचारपूस करणार आणि निघताना दारात चपला घालता घालता बजावणार, "टाकायचा झाला तर मना सांगा. भंगारवाल्याला दिलात तर बगा!"

मागे आपल्या भाच्यासाठी ते खांबला मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, प्रत्येकाने शिक्षण-बिक्षण विचारलं. हिरूभाऊंची पाळी आली तेव्हा ते मुलीच्या वडलांना म्हणाले, "तो कोपऱ्यातला डबा चालू हाय काय?" पुढे पत्रिका जुळली नाही, स्थळ काही जमलं नाही. टीव्ही मात्र त्याच दिवशी त्याच जीपमधून रोह्याला आला. नवरदेव आख्खा रस्ता तो मांडीवर घेऊन बसला होता.

असे अकरा टीव्ही त्यांच्या घरात आहेत. त्यांची बायको रंजना फार शहाणी बाई. ती भांडत नाही. टीव्हींवर पापड वाळत घालते.

आम्ही अष्टमीत समोरासमोर राहतो. पूल ओलांडला की रोहा. मी शिवणक्लास चालवते, आणि रोहा-अष्टमीतल्या निम्म्या बायका माझ्याकडे काज-बटण शिकून गेलेल्या आहेत, हे मी उगाच सांगत नाही, पुढे त्याचा संबंध आहे. हिरूभाऊ मूळचे खाडीकाठचे, वडखळहून आत गेलं की लागणाऱ्या एका खारजमिनीच्या गावातले. एकोणिसाव्या वर्षी आयटीआय करून इकडे कंपनीत लागले, इन्स्ट्रुमेंट खात्यात. चाळीसेक वर्षं शिफ्टा केल्या आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात, भजनाला बसतात, सुनांच्या चुका काढतात. हिरूभाऊंनी माळ्यावरून एक प्लास्टिकचा खोका काढला.

तुमच्या घरात पोरं असतील तेव्हाची, तर तुम्हाला आठवेल. टीव्हीला जोडायचा गेम. त्यात पिवळी कॅसेट खुपसायची आणि दोन हातात धरायचे ठोकळे, त्यांना बटणं. तोच तो. जगाने तो कधीच फेकून दिला. पण जगात काही माणसं अशी आहेत, की त्या मढ्यासाठी अजून नवे गेम लिहितात! कुणी सांगितलेलं नाही, कुणी विकत मागितलेलं नाही. घरी बसून, हौसेने. ब्राझीलमध्ये आहेत, पोलंडमध्ये आहेत, जपानमध्ये आहेत आणि एक अष्टमीत आहे.

"वहिनी, चाळीस केबी," ते मला पहिल्यांदा समजावत होते तेव्हा त्यांचे डोळे असे चमकत होते, मला वाटलं तापच आहे. "आख्खा गेम चाळीस केबीत बसवायचा. तुमच्या मोबाईलच्या एका फोटोत असे पन्नास गेम मावतील!"

"मग फोटोच काढा की," मी म्हटलं.

पण मी अडकले. कशी अडकले सांगते. एक दिवस ते कागद घेऊन आले. त्यावर चौकोन आखलेले. आठ उभे, आठ आडवे. "ह्यात माणसाचं डोकं बसवायचंय. रंग फक्त तीन. चार दिवस झाले, डोकं म्हणून काढतो ते नारळ दिसतंय."

मी कागद बघितला आणि मला हसू आलं. अहो, हे तर दोसुती! आठ घरांत गुलाबाची कळी, बारा घरांत मोर, हे मी शाळेत असल्यापासून भरत आले. फुलीचा टाका म्हणजे दुसरं काय? एक घर, एक रंग. मी पेन्सिल घेतली आणि गॅसवरचं दूध उतू जायच्या आत त्यांना डोकं काढून दिलं, वर फेटा फुकट. हिरूभाऊ कागदाकडे बघतच राहिले. मग त्यांनी चक्क मला कंपनीतल्यासारखा सलाम ठोकला.

त्या दिवसापासून त्यांच्या गेममधलं चित्र न् चित्र मी भरलेलं आहे. असे आठ-बाय-आठचे दोनशे छप्पन चौकोन. त्यापेक्षा एकही जास्त मावत नाही. म्हणून मग आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र, नुसता रंग बदललेला. ही युक्ती माझी. हिरूभाऊ म्हणतात जगात सगळे करतात. करत असतील, मला कुणी सांगितली नव्हती.

गेमचं नाव 'खांड'. खाडीकाठी समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे बांध असतात. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती येते, उधाण, ते बांधाला कुठेतरी भोक पाडतं. बघता बघता भोकाचं भगदाड होतं. त्याला म्हणायचं खांड. गेममध्ये एवढंच. पाणी चढतंय, खांड पडतेय, दोन माणसांनी धावून ती बुजवायची. बंदूक नाही, राक्षस नाही, राजकन्या नाही. चिखल आहे.

आणि दोन माणसं लागतातच. एकट्याने खेळताच येत नाही. दोन्ही ठोकळ्यांचं बटण दाबलं जात नाही तोवर गेम सुरूच होत नाही. मी म्हटलं, "अहो, एकटा माणूस असला तर त्याने काय करायचं?" हिरूभाऊ म्हणाले, "हाक मारायची."

शिवाय त्यात थांबा नाही. बाकी सगळ्या गेमांत मधलं बटण दाबलं की खेळ जागच्या जागी थांबतो, माणूस जाऊन पाणी पिऊन येतो. 'खांड'मध्ये ते बटण दाबलं की खाली अक्षरं येतात, 'भरती थांबते काय?' आणि पाणी चढतच राहतं. हे त्यांचं आवडतं वाक्य. रंजना म्हणाली जेवायला थांबा, की हे, "भरती थांबते काय?" बँकेतल्या बाईने लंच टाइम म्हटल्यावरसुद्धा हेच. पाटावर, म्हणजे चपट्या टीव्हीवर, त्यांचा राग का, तेही मला पुढे कळलं. त्याच्यावर बटण दाबल्यावर माणूस पाव क्षण उशिरा हलतो म्हणे. मला तर काही फरक दिसत नाही. हिरूभाऊंना दिसतो. "उशीर म्हणजे उशीर, वहिनी. पाव का असेना."

गेम सुरू केला की पहिला प्रश्न येतो, 'आज तिथी कोणती?'

यावरून जगात केवढा गोंधळ झाला! हिरूभाऊंनी गेम इंटरनेटवर टाकला, फुकट, बघा म्हणून. चार दिवसांत पत्रं सुरू. पोलंडचा एक म्हणाला, हा पासवर्ड आहे का? ब्राझीलच्या बाईने एकतीस टाकलं. हिरूभाऊ दिवसभर घुमे. "एकतिसावी तिथी कुठून आणली तिनं?" अहो, खाडीकाठी शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, खाडीत आत पोचेपर्यंत बारा. गेममधलं पाणी त्या हिशोबानेच चढतं. आपल्याला जे पोरवयात कळतं ते सगळ्या जगाला कळत असणार, अशी हिरूभाऊंची ठाम समजूत. शेवटी त्यांनी सगळ्यांना कंपनीच्या इंग्रजीत एकच पत्र धाडलं, की काइंडली रात्री गच्चीवर जाऊन चंद्र बघावा अँड डू द नीडफुल. आणि लोकांनी बघितला हो! हॉलंडच्या एका मुलाने तर कळवलं, आमच्याकडेही बांध आहेत, माझे आजोबा बांधावर कामाला होते, मी आणि माझी बहीण रोज चंद्र बघून खेळतो. ते पत्र हिरूभाऊंनी मला सात वेळा वाचून दाखवलं. मी आठव्यांदा मागितलं.

अशी शंभरेक पत्रं झाली. सगळी कौतुकाची. फेट्याचंसुद्धा कौतुक होतं त्यात, मुद्दाम सांगते. पण हिरूभाऊ खूष नव्हते. ते प्रत्येकाला एकच लिहायचे, "चूक काढा. कौतुक नको, चूक काढा." कुणालाच चूक सापडत नव्हती. लोक म्हणायचे, आता कॅसेट काढा, आम्हाला खरीखुरी कॅसेट हवी. हिरूभाऊंकडे जुन्या पिवळ्या कॅसेटा गोणीभर होत्या. आतला जुना गेम काढायचा, आपली चिप भाजून तिथे डकवायची. भाजणं हा त्यांचा शब्द. "पण एकदा भाजली की बदल नाय, वहिनी. पापडासारखं हाय ते. आधी एका माणसानं बगायला पाहिजे."

"कोण?"

"दादा," ते म्हणाले, आणि रंजनाने टीव्हीवरचे पापड गोळा करायला घेतले.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, धर्माजी. गावात असतात, शेती करतात. हे दादा हिरूभाऊंशी अठ्ठावीस वर्षं बोललेले नाहीत.

बोलत नाहीत म्हणजे तोंड फिरवत नाहीत हं. लग्नाकार्याला दोघं शेजारी बसतात. फक्त दादा बोलणार तिसऱ्याशी. "त्याला इचार, कोलीम वाढू काय." कोलीम म्हणजे बारीक कोळंबी. हिरूभाऊ वीतभर अंतरावर. तेही तिसऱ्याला सांगणार, "थोडी वाढा म्हणावं." एकदा घरात तिसरं कुणीच नव्हतं, तेव्हा दादांनी मांजराला सांगितलं, "त्याला सांग, छत्री इसरतोय." हे हिरूभाऊंनीच मला हसत हसत सांगितलंय. मीही हसले होते. घरी आल्यावर मात्र मला भाकरी गोड लागली नाही.

कारण त्या अबोल्याच्या मुळाशी मी उभी होते.

तेव्हा आख्ख्या आळीत फोन आमच्याकडे. सगळ्यांचा पीपी नंबर तोच. एका पौर्णिमेला सकाळी साडेआठला फोन आला, हिरूभाऊंच्या गावाहून. बांध झिरपतोय, बाराची भरती मोठी आहे, हिऱ्याला लगेच धाडा. त्या गावात बांधाची वाटणी असते. प्रत्येक घराने आपला तुकडा सांभाळायचा. उधाणाला घरटी माणूस आपल्या तुकड्यावर उभा पाहिजे. ह्यांच्या घराचा तुकडा दुप्पट लांब, कारण भाऊ दोन. अर्धा दादाचा, अर्धा हिऱ्याचा.

मी तशीच पदराला हात पुसत धावले. हिरूभाऊंची सुटी होती. आदल्याच दिवशी मुंबईहून तो गेम आणलेला. स्वतःला बत्तीस वर्षं झालेली आणि माणूस टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला. मी निरोप सांगितला. त्यांनी मान वळवली नाही. "दोन मिनिटं, वहिनी. ही फेरी संपली की आलो."

मी परत येऊन भाकऱ्या थापायला बसले. तिथे उभं राहून हाताला धरून उठवायला हवं होतं. नाही उठवलं.

नऊची एसटी गेली. पुढची साडेदहाला. वडखळला उतरून चालत गावात पोचेपर्यंत साडेबारा. दादा आपल्या तुकड्यावर उभे होते. खांड हिरूभाऊंच्या तुकड्यात पडली होती. कुणी दगावलं नाही, देवाची कृपा. पण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन-तीन वर्षं भात धरत नाही, आणि पाणी काही एका घराचं शेत बघून शिरत नाही. दादांनी विचारलं, "एसटी का चुकली?" हिरूभाऊंना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष. म्हणाले, "गेम खेळत होतो." त्यानंतर दादांनी त्यांना सरळ काही विचारलेलं नाही.

आता कळलं ना, त्या गेममध्ये थांबा का नाही? मला हे कळायला दोनशे छप्पन चौकोन भरावे लागले. दोन माणसांतला एक त्यांनी मला एक घर उंच करायला लावला होता. "हा जरा मोठा हवा, वहिनी." मी विचारलं नाही का ते.

तर पौर्णिमा बघून जायचं ठरलं. रंजनाने गावी जावेला फोन केला, बाराला पोचतात म्हणून. हिरूभाऊंनी अकरा टीव्हींतून चौदा इंची एक निवडला, अगदी नवरी निवडावी तसा. सकाळी साडेसातला टेम्पो दारात. रंजनाला भाच्याच्या घरी पूजा होती, म्हणून मी निघाले. निघाले म्हणजे काय, मी नसते तर ह्यांच्यात बोलणार कोण? तिसरं माणूस नको का! पुढच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला टीव्ही, शेजारी हिरूभाऊ ठोकळे-वायरींची पिशवी छातीशी धरून. कोलाड गेलं, खांब गेलं. खांबला हिरूभाऊंनी त्या मुलीच्या घराकडे बघून हात जोडले. मी विचारलं, "मुलीसाठी का टीव्हीसाठी?" तर म्हणाले, "दोघांसाठी."

खड्डा आला की माणूस आपलं डोकं सांभाळतो. मी टीव्ही सांभाळत होते. माझं कंबरडं मोडलं पण टीव्हीला धक्का नाही, असं मला वाटत होतं. वडखळला चहाला थांबलो तर हिरूभाऊंचं सुरू झालं, "एकदा लावून बगू." चहावाल्याच्या भजीच्या ताटाशेजारी टीव्ही मांडला. आवाज आला. चित्र नाही. मधोमध एक पांढरी रेघ, बस.

हिरूभाऊंचा चेहरा त्या रेघेसारखाच झाला. घड्याळात साडेनऊ.

"पेणला चला," मी टेम्पोवाल्याला सांगितलं. "तिथे कुणी डब्याचा मिस्त्री नसेल असं होणार नाही."

होता. म्हणजे एकेकाळी होता. चौकशी करत गेलो तर मिस्त्री सापडला गणपतीच्या कारखान्यात. टीव्ही दुरुस्तीचं दुकान केव्हाच बंद करून तो मूर्तींचे डोळे आखायला लागलेला. हात स्थिर ना! त्याच्यासमोर एक गणपती, उजवा डोळा आखून झालेला, डावा कोरा.

"दुसरा झाल्याबिगर उठणार नाय," तो म्हणाला. "एकडोळ्या देव सोडून उठत नायत."

देवापुढे काय बोलणार? हिरूभाऊ त्या मूर्तींच्या रांगांमधून येरझाऱ्या घालत होते, पांढरी धोतरं, पांढऱ्या सोंडा, आणि मधून हा काळा माणूस घड्याळ बघत. मीच देवाला म्हटलं, लवकर बघ रे बाबा. डोळा झाला. मिस्त्रीने टीव्ही उघडला, आत नाक घातलं, आणि म्हणाला, "सोल्डर सुटलाय." डोळा आखणाऱ्या त्याच हाताने त्याने एक टाका मारला. हो, टाकाच म्हणतात! फटकन चित्र आलं. मी इतक्या जोरात टाळी वाजवली की रंगाचा डबा हातात धरलेली बाई दचकली. मिस्त्रीने पैसे घेतले नाहीत. फक्त टीव्हीच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "लय वर्षांनी भेटला."

"हाकल रे बाबा," मी टेम्पोवाल्याला म्हटलं. बाराला पाच कमी असताना आम्ही दादांच्या दारात उतरलो. पाच मिनिटं आधी! हिरूभाऊंनी ते मला दोनदा दाखवलं, घड्याळ.

दादा ओटीवर जाळं सांधत बसलेले. हिरूभाऊंपेक्षा खरंच वीतभर उंच, वाळलेले, ताठ. त्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्याला इचारा, हा डबा कशाला आणलाय."

"तुम्हीच विचारा की," मी म्हटलं.

दादांनी आजूबाजूला बघितलं. मांजर होतं, पण झोपलेलं. ते परत जाळ्याकडे वळले.

हिरूभाऊंनी स्टुलावर टीव्ही मांडला, वायरी जोडल्या, तपासण्यापुरती भाजलेली एकुलती कॅसेट खुपसली. 'आज तिथी कोणती?' पडद्यावर प्रश्न आला. दादा मान खाली घालूनच जाळ्याला म्हणाले, "पुनव हाय." हिरूभाऊंनी पंधरा केले.

दुसरा ठोकळा मी घेतला. मी शिवणारी बाई, मला ते धावणं-बिवणं जमत नाही. माझा माणूस, तो एक घर उंच असलेला, दोनदा खाडीत पडला. पण त्या दिवशी काय अंगात आलं कुणास ठाऊक! पाणी चढत होतं, खांड पडली हिरूभाऊंच्या बाजूला, आणि आम्ही दोघांनी चिखलाचे गोळे टाक टाक टाकले. एक, दोन, पाच, दहा. आणि बुजली! मी ओरडलेच, "बुजली बुजली!" एवढ्या महिन्यांत मला कधी जमलं नव्हतं. हिरूभाऊसुद्धा ओरडले.

"कसली बुजली?"

आम्ही वळून बघितलं. जाळं खाली पडलेलं. दादा उभे होते, टीव्हीकडे बोट रोखून.

"ए हिऱ्या! पेंढा कुठाय?"

मांजर जागं झालं होतं, पण दादा त्याच्याशी बोलत नव्हते.

"नुसता चिखल टाकून खांड बुजते काय रं? वाहून जाईल सगळा! आधी खुंट ठोकायचे, त्याला पेंढा लावायचा, मग चिखल. पेंढ्याबिगर चिखल धरतो काय? कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाय," हिरूभाऊ म्हणाले. "मी शिकायच्या आधीच कंपनीत गेलो, दादा."

हिरूभाऊ माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तोंडभर हसू. "वहिनी! चूक सापडली! लिहा, लिहा!" त्यांनी खिशातून वही काढली, पेन काढलं, पेन खाली पडलं, उचललं, परत पडलं. शेवटी मी वही ओढून घेतली आणि लिहिलं. एक, खुंट नाही. दोन, पेंढा नाही. ब्राझील झालं, पोलंड झालं, हॉलंडच्या आजोबांचा नातू झाला, कुणाला दिसली नव्हती ती चूक. मीही रडत होते, लपवत कशाला बसू.

"तिसरं लिहा," दादा म्हणाले. ते माझ्या हातातला ठोकळा घेत होते. "माणूस बांधावरनं सरळ धावत नाय, सटकतो. पायाची बोटं रोवून चालतो. चौथं, उलट्या वाऱ्याला पाणी चढतं जास्ती. हे बटण कशाला?"

"चिखल टाकायला."

"आन हे?"

"ते नको दाबूस. ते थांबायचं हाय, पण थांबत नाय."

दादांनी दाबलं. खाली अक्षरं आली. त्यांनी ती सावकाश वाचली, ओठ हलवत. मग त्यांनी हिरूभाऊंकडे बघितलं, बराच वेळ, आणि पुन्हा टीव्हीकडे. "बरोबर लिवलंय," एवढंच म्हणाले. "लाव परत."

मी अकरा चुका लिहिल्या. त्यातल्या चार चित्रातल्या निघाल्या, म्हणजे माझ्या, पण मी वाद घातला नाही. दोघे भाऊ मांडीला मांडी लावून बसले होते. दादा पहिल्या दोन वेळा हरले, तिसऱ्यांदा चवताळले. "तिकडं बग, तिकडं! अरे, माझ्या बाजूला काय करतोस, तुझ्याकडं जा!" अठ्ठावीस वर्षांचं साठलेलं बोलणं ओरडूनच बाहेर येत होतं.

आतून दादांच्या बायकोने, म्हणजे त्या घरच्या वहिनींनी हाक मारली, भात वाढलाय म्हणून. कुणी उठलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मारली, मग त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात वाटीभर कोलीम.

दादांनी मान वळवली नाही. "दोन मिनिटं गो," ते म्हणाले. "ही भरती संपली की आलो."

हिरूभाऊंची बोटं बटणावरच थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. त्या घरात ते वाक्य आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. टीव्हीत त्यांचा माणूस बांधावर नुसता उभा होता आणि पाणी चढत होतं.

"बगतोस काय हिऱ्या," दादा ओरडले, "तुझ्या तुकड्यात झिरपतंय!"

हिरूभाऊंनी बाहीने डोळे पुसले आणि बांधावरचा त्यांचा माणूस धावला. मी वहिनींच्या हातातली वाटी घेतली, भातावर ताट झाकलं, आणि आम्ही दोघी दारात बसून बघत राहिलो.